दवाखान्याचा निरोप

"माझा पोरगा मातीत गेला, आणि तुम्ही त्याला औषधाला बोलावता? लाजा कशा वाटत नाहीत!" म्हाताऱ्याने मोबाइल खुंबोच्या टेबलावर आपटला, पुन्हा उचलला आणि रडतच निघून गेला.

दवाखान्याच्या प्रमुख न्यिरेंदाबाई दारातच उभ्या होत्या. "खुंबो, आजच्या आज बंद कर हे."

"करतो, बाई."

काम चिमूटभर होतं. दुसऱ्या दिवशीच्या रुग्णांच्या घरी रोज एका दमात निरोप धाडणारा बॅच जॉब खुंबोच सांभाळायचा. जॉब किती वाजता सोडायचा, कुणाला निरोप धाडायचा, कुणाला गाळायचं, सगळं एका प्रॉपर्टीज फाइलमध्ये ओळीओळीने लिहिलेलं. त्यातली एक ओळ मयतांना गाळण्याची. तिथल्या 'नाही'चं 'हो' केलं की झालं. ही ओळ त्याला केव्हाच सापडली होती. पण त्याची स्वतःची लेक लुसुंगु गेल्यापासून तो निरोप दर महिन्याला त्याच्याही घरी यायचा, आणि बायको त्या दिवशी मोबाइल हातातून सोडत नसे. त्याचा हातच धजला नव्हता.

आज त्याने 'हो' लिहिलं आणि फाइल जतन केली.

संध्याकाळी बायको चुलीपाशी मक्याच्या पिठाचा न्सिमा घोटत होती. त्याने उभ्याउभ्याच सांगून टाकलं.

"म्हणजे आता येणार नाही," ती म्हणाली.

"ती गेली गं. मशिनला काय कळतं?"

"ते मला सांगता? मी काय खुळी आहे? पण 'लुसुंगुच्या आई, उद्या या' असं असायचं त्यात. पोर गेली तशा शेजारणी मला न्यामहांगो म्हणायला लागल्या. माझ्या बापाच्या कुळाचं नाव. जशी मी कधी कुणाची आई झालेच नव्हते! आणि तुम्ही तर हाकच मारत नाही. नुसतं शुक शुक."

खुंबोला गलबलून आलं. खरंच होतं ते. वर्षभरात ते नाव त्याच्या तोंडून निघालं नव्हतं, घेववतच नव्हतं.

तो अंगणात गेला. कुंपणापलीकडे शेजारणी भुईमूग सोलत बसल्या होत्या.

"अगं ए, लुसुंगुच्या आई!"

बायकांचे हात थांबले. त्याने पुन्हा हाक मारली, पहिल्यापेक्षा मोठ्याने.

मग आतून तिने ओ दिली.