माझ्या भुंकण्यानं सुटलेली घरं

मित्रांनो, मी एक जुनी राखणदार आहे. म्हातारी म्हणालात तर दात दाखवीन. नऊ-दहा अजून शिल्लक आहेत. माझं नाव करी. आम्ही जत तालुक्यातले. आमच्या बाजूला कानडीही बोलतात, आणि कानडीत करी म्हणजे काळी. अंगानं मी आहे चांगली पिवळी. पण आमच्या घरधन्यानं, बिराप्पानं, मला पहिल्यांदा घरी आणलं त्या दिवशी मी वाटेत कोळशाच्या ढिगात लोळून आले होते. घरच्यांनी तेवढ्याच दिवशी मला नीट बघितलं आणि नाव ठेवून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी मला धुतलं. नाव राहिलं ते राहिलंच.

माझा जन्म कोरेगावच्या बाजूचा. दिवाळी झाली की आमची धनगर माणसं मेंढरं घेऊन तिकडं उतरतात, लोकांच्या शेतात खतासाठी मेंढरं बसवतात. तिथंच एका बांधावर आईनं मला जन्म दिला आणि दोन गोष्टी शिकवल्या: मेंढराच्या पायात यायचं नाही, आणि परका माणूस दिसला की आधी भुंकायचं, विचार नंतर. दुसरी गोष्ट मला लवकर आली. शाळा म्हणाल तर मी पायरीपर्यंत शिकले. आत कुणी घेतलं नाही, पण पायरीवर पडून राहिलं तरी बरंच कानावर येतं.

कामाचं सांगायचं तर लांडग्याशी माझी दोनदा गाठ पडली. एकदा तो पळाला. दुसऱ्या खेपेचं मी कुणाला सांगत नाही, तुम्हीही विचारू नका. पिल्लं म्हणाल तर एकतीस. बिरोबाच्या माळावरच्या आमच्या वस्तीत आज जेवढी कुत्री आहेत, तेवढी झाडून सगळी माझी लेकरं, नाहीतर नातवंडं.

आता वस्ती कशी आहे ते समजून घ्या, पुढं लागेल. एकूण अठ्ठावीस घरं. रस्त्याकडेला दहा घरं, त्यांच्याकडं बोअर आहे, द्राक्षबाग आहे, मेंढरं नाहीत. मेंढरं नाहीत म्हणून कुत्री नाहीत. मागच्या अंगाला आमची अठरा घरं. बोअर नाही, बाग नाही. मेंढरं आहेत आणि दारोदार माझी प्रजा आहे. उन्हाळ्यात पाण्याचा टँकर यायचा तो गावात. तिथून आमच्या वस्तीपर्यंत दोन किलोमीटर डोक्यावर घागर.

घरची मालकीण म्हणजे बिराप्पाची आई, नागव्वा. तिला माझा फार अभिमान. आल्यागेल्याला सांगायची, "आमच्या करीला चुकवून वारा बी आत येत न्हाई." मीही ऐकून शेपूट वर करायचे. त्यात मी माझ्या अकलेनं आणखी एक नियम काढला होता, की हातात कागद असलेला माणूस सगळ्यात वाईट. का? तर एकदा कागद घेऊन आलेल्या एका माणसानं मला सुई टोचली होती. तेवढ्यावरून मी सगळ्या कागदवाल्यांना ओळखून टाकलं.

मागं एका उन्हाळ्यात एक टोपीवाले साहेब पाण्याचा सर्वे करायला आले. गावात आकारामच्या चहाच्या टपरीवर बसले आणि चहाला येणाऱ्या वीस-बावीस जणांना विचारलं, "पाणी पुरतं का?" सगळे म्हणाले, "पुरतंय की." पुरणारच! चहाला आलेल्या बाप्याच्या घरी पाणी आणत असते घरातली बाई, आणि ती त्या वेळी रांगेत उभी असते. तिला कोण विचारतो? मग साहेब आमच्या वस्तीवर आले. रस्त्याकडेच्या घरांतून बसून निवांत लिहून घेतलं. मागं वळले, तर मी आणि माझी लेकरं. मी अशी काही धावले की साहेबांनी टोपी हातात घेतली आणि पायांत वारं भरलं. त्या दिवशी नागव्वानं मला दूधभाकरी घातली.

वर्ष सरलं. उन्हाळा परत आला आणि नागव्वाचा गुडघा नारळासारखा सुजला. दोन किलोमीटर जायचं आणि भरल्या घागरीनं परत यायचं तिला होईना. ती ग्रामपंचायतीत गेली, मी मागं. तिथले शिपाई भाऊसो. चांगला माणूस, पण माझ्यापुढं जरा घाबरट.

नागव्वा म्हणाली, "भाऊसो, आमच्या वस्तीला टँकर का न्हाई रं?"

"आवं काकू, कागदात लिवलंय, तुमच्या वस्तीवर पानी हाय."

"मग त्यो कागदच आण इकडं. पिळून बघूया घागरीत किती पडतंय."

पंचायतीतली माणसं हसली. नागव्वा हसली नाही. घरी येताना ती तीन ठिकाणी बसली आणि तिसऱ्या ठिकाणी मला म्हणाली, "करी, असंच चाललं तर मिरगापातूर मी काय चालती राहत न्हाई बघ." मी तिच्या गुडघ्यावर हनुवटी ठेवली. दुसरं काय करणार?

त्यानंतर चार दिवसांनी सांगलीच्या कॉलेजातून भार्गवी नावाची एक मुलगी पाण्याचाच नवा सर्वे करायला आली. हातात कागद! पण ही टपरीवर बसली नाही. सकाळी टँकरच्या रांगेतच येऊन उभी राहिली. गावातल्या आणि वस्तीवरच्या सगळ्या घरांच्या चिठ्ठ्या तिनं करून आणल्या होत्या. "चिठ्ठ्या टाकायला काही मिळेल का?" म्हणाली.

नागव्वानं घागर पुढं केली. "घे. तशी बी रिकामीच हाय."

बागायतदार गंगाधरतात्या तिथं उभे होते. ते म्हणाले, "पोरी, चिठ्ठ्याबिठ्ठ्या कशाला? मला इचार. समद्या गावाचं मी सांगतो."

"सांगाल हो तात्या, पण त्यात तुमच्याच घराचं जास्त येईल."

"मग माझी चिठ्ठी काढ की!"

"तशी काढता येत नाही. आपोआप निघाली पाहिजे. मी निवडायला बसले तर मला सोपी पडणारीच घरं निवडीन."

"व्हय, आनि च्या देनारी," नागव्वा म्हणाली. "हलीव गं चांगली. तळातल्या बी वर येऊ देत."

भार्गवीनं घागर खळखळून हलवली आणि एकेक करून चाळीस चिठ्ठ्या काढल्या. आता त्याच चाळीस घरी जाऊन ती विचारणार होती. तात्यांची निघाली नाही, ते रुसून गेले. सव्विसावी चिठ्ठी निघाली आमच्या घराची.

दुसऱ्या दिवशी भार्गवी वाट दाखवायला भाऊसोंना घेऊन आमच्या दारात आली. नागव्वा पाण्याला गेली होती, बिराप्पा मेंढरांमागं. दारात मी एकटी. मी माझं काम चोख केलं. भाऊसो बांधावर चढले. त्यांची एक चप्पल माझ्याकडं राहिली.

बांधावरूनच ते म्हणाले, "म्याडम, ह्ये घर सोडा. रस्त्याकडंच्या घरात जाऊ. कुत्रं न्हाई, काय न्हाई. घर म्हंजे घर, काय फरक पडतोय?"

भार्गवी पळाली नव्हती. लांब एका दगडावर बसली होती. "काका, फरक पडतो," ती म्हणाली. "कुत्रं कोण पाळतं? मेंढरंवाला. मेंढरंवाल्याकडं बोअर असते का? नसते. मग कुत्र्याचं दार सोडलं की नेमकं पाणी नसलेलं घरच सुटतं. उरतात ती बोअरवाली. ती म्हणतात पाणी आहे. ती खोटं बोलत नाहीत, पण आपला कागद मात्र खोटा होतो. गेल्या वर्षीच्या कागदात हेच झालंय. मागची अठराच्या अठरा घरं सुटली."

मित्रांनो, हे ऐकलं आणि चप्पल तोंडातून पडली. ज्या दिवसाची दूधभाकरी मी वर्षभर आठवत होते, त्याच दिवशी मी आमच्या नागव्वाचं पाणी हाकलून दिलं होतं! मी मुकाट्यानं जाऊन बाभळीखाली पडले. त्या दिवशी मी विचार आधी केला.

भार्गवी दुसऱ्या दिवशी भर दुपारी आली. दाराला कडी, माणूस नाही. भाऊसो म्हणाले, "आता तरी सोडा. उद्या शेवटचा दिस." ती म्हणाली, "दुपारी घरात बसायला सवड असलेल्यांनाच विचारायचं म्हटलं तर पुन्हा तेच होईल. यांच्या वेळेला येऊ."

आणि शेवटच्या दिवशी दिवस उगवून दोन तास झाल्यावर, नागव्वा घागर उतरवत होती तेव्हा, दोघं हजर. मी उठले, पुढं गेले आणि शेपूट हलवली.

नागव्वानं माझ्याकडं बघितलं. "करी, आजारी हाईस का गं?"

भार्गवी आत येऊन बसली. नागव्वानं नुकत्याच आणलेल्या पाण्यातून तांब्या भरून तिच्यापुढं ठेवला. भार्गवीच्या आधी भाऊसोंनीच विचारून टाकलं, "काकू, पानी पुरतंय का?"

आता आमची नागव्वा! घरात पाहुणी बसलेली, आणि ती काय म्हणणार? पदर सारखा करून ताठ बसली. "पुरतंय की. आमी काय कुनाफुडं हात पसरत न्हाई."

मला वाटलं, झालं! दार उघडलं तर तोंड बंद झालं. पण भार्गवी हुशार निघाली. तिनं ते लिहिलंच नाही. भाऊसोंना गप्प बसायची खूण केली आणि सहज विचारलं, "आजी, आज किती वाजता निघालात पाण्याला?"

"वाजल्यालं काय म्हाईत? कोंबडा आरडायच्या आदी."

"आणि आत्ता आलात. किती घागरी?"

"एक. गुडघ्यामुळं एकच येती. काल बी एकच."

"घरात माणसं किती?"

"पाच. आनि ही बया धरून सा."

भार्गवीनं लिहून घेतलं. एक घागर, सहा जीव, तीन तास. मग तिनं गेल्या वर्षीची हकिगत सांगितली. नागव्वा ऐकत राहिली आणि हळूच माझ्याकडं वळली. "म्हंजे आमचा टँकर ह्या भवानीनं हाकलला?" मी बाभळीवरच्या पाखरांकडं बघत बसले. "बघतीस काय वर? जा हिच्यासंगं. कुनी हिला अडवलं तर मला सांगायला येऊ नगंस, तूच बघ."

मागच्या अंगाची आणखी सात घरं चिठ्ठीत निघाली होती. मी पुढं, भार्गवी मधे, आणि चपला हातात धरून भाऊसो मागं. पहिल्या दारात थोरला लेक गुरगुरला. मी नुसतं बघितलं, तो आडवा झाला. चौथ्या दारात एक नातू फारच माजला होता, त्याचा कान मी नीट धरून हलवला. भाऊसो म्हणाले, "म्याडम, सरपंचाला बी एवढं कुनी मानत न्हाई!" सातही दारं उघडली. सातही घरी भार्गवीनं तेच विचारलं: कधी निघालात, किती घागरी, किती माणसं. संध्याकाळपर्यंत एकही चिठ्ठी उरली नाही.

पुढं ग्रामसभेत भार्गवीनं कागद वाचून दाखवला. रस्त्याकडंच्या घराला पाणी भरायला दहा मिनिटं, मागच्या घराला तीन तास. तात्यांनीसुद्धा मान खाली घातली. मग बारा दिवसांनी वस्तीच्या मागच्या अंगाला, बिरोबाच्या देवळापाशी, काळी टाकी बसली आणि टँकर आला. माझी सगळी लेकरं भुंकत त्याच्या मागं धावली, ड्रायव्हर खाली उतरेना, बायका हसून हसून बेजार. नागव्वानं त्याला दरडावलं, "उतर की रं! इतकी कुत्री बघून घाबरतोस, आनि आमी तुझी वाट बघून वरीस काढलं!" तिनं टाकीला नारळ फोडला. मुलं ओल्या चिखलात नाचली. मीही नाचले असते, पण वयाला शोभलं नसतं.

आता टँकर येतो की नाही हे तपासायला महिन्याला एक माणूस कागद घेऊन येतो. मी त्याला रस्त्याकडच्या पहिल्या घरी बसू देत नाही. त्याच्या पँटीचं टोक हळूच दातांत धरते आणि थेट शेवटच्या दारापर्यंत नेते.

तेव्हा मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही हातात कागद येईल. दारात कुत्रं भुंकलं म्हणून ते दार सोडू नका. लांब उभे राहा, मालकिणीला हाक मारा, आणि ती पाण्याला गेली असली तर परत या. आमचं भुंकणं मनावर घेऊ नका. आम्हाला कुणीतरी समजावून सांगायचं राहिलेलं असतं, एवढंच.