चार चालींपलीकडचा वाघ

सांगलीला आमच्या कॉलेजात संगणक विभागाच्या दाराशी एक फोटो टांगलेला आहे. मधोमध मी, टाय लावून. शेजारी कुलगुरू, प्राचार्य आणि कपाटाएवढं मशीन. डाव्या कडेला पांढऱ्या सदऱ्यातलं एक कोपर तेवढं दिसतं. पाहुणे विचारतात, हे कोण? मी म्हणतो, गावाकडचे एक गृहस्थ. तीन वर्षं हेच म्हणत आलोय, अजून जीभ झडलेली नाही.

ते कोपर नाथाजी आबांचं.

आबा आमच्या वडूजचे, आमच्याच वस्तीतले. फौजेत ट्रक चालवून हवालदार होऊन परत आलेले. आमची वस्ती आणि गाव यांच्या मध्ये एक लिंब आहे. त्याखाली सपाट काळा दगड, आणि दगडावर वाघ-बकरीचा पट कोरलेला. एक मोठा त्रिकोण, त्यावर आडव्या रेघा, तेवीस घरं. तीन वाघ, पंधरा बकऱ्या. बकऱ्यांवाल्यानं एकेक बकरी मांडत वाघांना असं कोंडायचं की त्यांना हलता येऊ नये. वाघानं बकरीवरून पलीकडच्या रिकाम्या घरात उडी मारायची आणि ती खायची. सहा बकऱ्या गेल्या की डाव वाघाचा. फौजेतून आल्यापासून आबा कुठल्याही बाजूनं एकदाही हरले नव्हते.

हे शहरातल्या माणसाला पोरखेळ वाटेल. पण आम्ही छप्पन्न साली बौद्ध झालो, तरी गावाच्या लेखी जे होतो तेच राहिलो. जी माणसं आम्हाला अजून ओसरीच्या पायरीशीच उभं करत, तीच त्या दगडावर आबांच्या समोर मांडी घालून बसत आणि हरत. लालासाहेब म्हणून गावातले मोठे जमीनदार होते. ते दर रविवारी यायचे, हरायचे आणि धोतर झटकत म्हणायचे, "बरं नाथाजीराव, फुडच्या आयतवारी बगतो तुमाला." गावात आबांना 'राव' लावणारे ते एकटेच, आणि तेही हरल्यावरच.

मी, जोतीराम कांबळे, वस्तीतला पहिला इंजिनिअर. सांगलीला अधिव्याख्याता म्हणून लागलो, मग पुढच्या शिक्षणासाठी दोन वर्षं मुंबईला गेलो. तिथं कॉम्प्युटर पाहिला आणि येडाच झालो. यंत्राला विचार करायला शिकवायचं! परदेशात लोक त्याला बुद्धिबळ शिकवत होते. मी म्हटलं, आपण वाघ-बकरी शिकवू.

पद्धत सांगायला सोपी आहे. मशीन स्वतःची प्रत्येक चाल तपासतं, मग त्यावर समोरच्याची प्रत्येक चाल, त्यावर पुन्हा आपली. झाडाला फांद्या फुटाव्यात तसा पसारा वाढत जातो. सगळा पसारा तपासायला जन्म पुरणार नाही, म्हणून चार चालींवर थांबायचं आणि तिथं पट कसा दिसतो त्याला किंमत द्यायची. ही किंमत कशी ठरवायची, यातच सगळी अक्कल. मी जिवंत बकऱ्या मोजत होतो. माझा प्रोग्रॅम कुणाकडूनही हरायचा. हॉस्टेलच्या मेसमधल्या आचाऱ्यानंही त्याला दोनदा हरवलं आणि वर विचारलं, साहेब, याला शिष्यवृत्ती मिळते का?

पंचाहत्तरच्या दिवाळीत मी वही घेऊन आबांपुढे बसलो.

"आबा, बकरी ठेवताना तुम्ही काय बघता?" मी तेव्हा घरीसुद्धा शुद्ध बोलायला लागलो होतो.

"काय बगायचंय? डोळ्यांला दिसतं की."

"पण काय दिसतं?"

असं कुणी त्यांना कधी विचारलं नव्हतं. ते आठ दिवस माझ्यासाठी बसले. चिंचोक्यांच्या बकऱ्या मांडायचे, थांबायचे, आपण असं का केलं याचा स्वतःच विचार करायचे, मांडलेलं मोडून पुन्हा मांडायचे. आठव्या दिवशी म्हणाले, "बकऱ्या मोजू नगंस रं. वाघाच्या वाटा मोज. त्येला जायाला किती घरं उरली, तेवडंच बग. आन ज्या चालीनं त्येची वाट वाडती, त्या चालीकडं फुडं बगायचंच न्हाई. तितंच सोडून द्यायची."

दोन गोष्टी. पहिलीनं पटाची किंमत ठरली, दुसरीनं निम्म्याहून जास्त फांद्या छाटल्या गेल्या. मी त्या जशाच्या तशा मशीनच्या भाषेत लिहिल्या आणि प्रोग्रॅम जिंकायला लागला. माझ्या शोधनिबंधात त्यांना 'लेखकाने विकसित केलेले निकष' म्हटलं आहे. आभारांत प्राध्यापक आहेत, टंकलेखक आहे. आबा नाहीत.

मी नुकताच सांगलीला परत रुजू झालो होतो, आणि शहात्तरच्या फेब्रुवारीत कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. एक कंपनी तीन दिवसांसाठी ट्रकमधून कॉम्प्युटर आणणार होती. प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "कांबळे, कुलगुरूंसमोर तुमचा प्रोग्रॅम एखाद्या पट्टीच्या खेळाडूशी खेळवा. जिंकला तर आपण मशीन घेऊ, विभाग तुमच्याकडे. नाही जिंकला तर तुमचं सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल आहेच." स्टाफरूममध्ये तर मी ऐकतोय हे बघूनच बोलायचे, राखीव जागेवरचा माणूस संशोधन करतोय म्हणे. मला त्या सगळ्यांची तोंडं बंद करायची होती. पट्टीचा खेळाडू म्हणून मी आबांचं नाव दिलं. बकऱ्या मशीनकडे, वाघ आबांकडे.

सकाळी विट्यावरून येणाऱ्या गाडीनं आबा उतरले. इस्त्रीचा सदरा, रुमालाच्या गाठीत स्वतःचे तीन खडे आणि पंधरा चिंचोके. स्टँडच्या कँटीनमध्ये मी त्यांना चहा आणि भडंग दिलं.

"आबा, आज मशीन हरलं तर माझं काही खरं नाही."

"मंजी?"

"म्हणजे संपलं. ही माणसं टपूनच बसलीत."

एवढंच बोललो मी. हरा, असं म्हणालो नाही. आबांनी बशीतला चहा सावकाश संपवला, मिशी पुसली आणि म्हणाले, "तुजा बा आसता तर आज आला आसता बग."

डाव सुरू झाला. मशीनला जोडलेला टाइपरायटर खडखड करत घराचा नंबर छापायचा, मी तिथं चिंचोका ठेवायचा. आबा खडा हलवायचे, मी तो नंबर टाइप करायचा. हॉलमध्ये शे-दोनशे माणसं. पाच-सहा चाली झाल्यावर आबा हळूच म्हणाले, "ह्यो तर माजाच डाव हाय." मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. पुढच्या रांगेतले कुणीतरी हसले. म्हातारा बरळतोय असं त्यांना वाटलं असेल.

एकोणिसाव्या चालीला आबांनी एका वाघावर बोट ठेवलं. खडा डाव्या कोपऱ्याकडे थोडा सरकवला. तिथं थांबले. वर माझ्याकडे बघितलं. मग खडा परत आणून मधल्या घरात ठेवला.

मला ते दिसलं. त्याचा अर्थ लावायला नको म्हणून मी टाइपरायटरकडे तोंड फिरवलं. पुढं बारा चालींत तिन्ही वाघ कोंडले गेले. टाळ्या पडल्या. आबांनी खडे-चिंचोके मोजून रुमालात बांधले.

मग बातमीदार आला. त्यानं विचारलं, कधीही न हरणारा माणूस कसा हरला? आबा हाताच्या अंतरावर उभे होते. मी म्हणालो, "निरक्षर माणूस अंदाजानं खेळतो, यंत्र तर्कानं." वाक्य मला फार आवडलं होतं. त्यानं तेच मथळ्याखाली छापलं, वर तो फोटो. वडूजला पेपर संध्याकाळच्या गाडीनं जायचा.

कॉलेजनं मशीन घेतलं. विभाग मला मिळाला. आता लग्नाच्या पत्रिकांवर माझं नाव 'प्रा.' लावून येतं. वडूजला जाणं कमी झालं.

या वर्षी, एकोणऐंशीत, आम्ही मशीनची मेमरी वाढवली. मुलांना दाखवायला म्हणून मी तोच जुना डाव पुन्हा घातला आणि मशीनला दोन्ही बाजूंनी, चारऐवजी सात चाली पुढचं बघायला लावलं. एकोणिसाव्या चालीला मशीन दहा मिनिटं गप्प होतं. मग त्यानं वाघासाठी डावा कोपरा छापला. त्या कोपऱ्यात वाघाच्या वाटा कमी होतात, म्हणून चार चालींत ती चाल आत्महत्याच दिसते. पण सातव्या चालीला कुंपण फाटतं, आणि तिथून वाघ एकामागून एक बकऱ्या उचलतो. मी तो डाव शेवटपर्यंत खेळून बघितला. सहा बकऱ्या गेल्या. मुलं म्हणाली, सर, म्हणजे ते हरायला नको होते! मी म्हटलं, तास संपला.

रविवारी वडूजला गेलो. लिंबाखालच्या दगडावर कुणीतरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. आबा दारात शेंगा फोडत बसले होते.

"आबा, त्या दिवशी कोपऱ्यातली चाल तुम्हाला दिसली होती."

"कवाची गोस्ट काडलीस."

"मशीननं आत्ता दाखवली. सात चाली पुढं बघितल्यावर."

"मंजी तीन वर्सं लागली त्येला." त्यांनी मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

"मग खेळला का नाहीत?"

"तूच च्या पिताना मागितलंस की."

"मी काही मागितलं नव्हतं."

"बरं, न्हाई मागितलंस." त्यांनी पुढची शेंग उचलली. "डाव दिला, त्येचं मला काय न्हाई. आपलं पोरगं हाय, बसू दे खुर्चीवर, म्हनलं. पर जोतीराम, त्ये पेपरात कशापायी बोल्लास? आट दिस बसून तुला शिकीवलं, त्यो अंदाज हुता व्हय? आन निरक्षर कुटला रं? फौजेत तिसरीची परीक्षा पास झालोय मी."

मला तिथल्या तिथं मेल्याहून मेल्यासारखं झालं. आतून त्यांच्या पत्नी जाईबाई बाहेर आल्या. मला पाणी न विचारता म्हणाल्या, "त्यो पेपर आला, आन फुडच्या आयतवारी लालासाहेब आलंच न्हाईत. चार दिसांनी वाटंत भेटलं तवा म्हनलं, काय नाथ्या, मशीननं उताना पाडला म्हनं. तवापास्नं ह्येंनी दगडावर पाय ठेवला न्हाई."

नाथाजीराव. नाथ्या. एवढंच घडलं होतं, आणि ते माझ्या एका वाक्यानं घडलं होतं.

मी म्हणालो, "आबा, मी पेपरात देतो. चाल तुम्हाला दिसली होती, प्रोग्रॅमची सगळी युक्ती तुमची होती, सगळं लिहून देतो."

आबांनी पहिल्यांदाच हातातलं काम थांबवलं. "खरं म्हनतूस? मग दे बाबा. पर लौकर दे. लालासाहेब हाईत तवर दे. त्येंचं बी वय झालंय."

सांगलीला आल्याबरोबर मी पत्र लिहिलं. चांगलं झालं होतं, दोन पानी. पण पुढच्या गुरुवारी रीडरच्या, म्हणजे माझ्या बढतीच्या जागेसाठी निवड समिती येणार होती आणि समितीला हाच ऐतिहासिक डाव मशीनवर पाहायचा होता. म्हटलं, गुरुवार होऊ दे, मग टाकू.

बुधवारी दुपारी मी मशीनसमोर बसलो आणि सातचा आकडा काढून चार केला.

गुरुवारी समितीतले एक गृहस्थ नेमके एकोणिसाव्या चालीला थांबले. "कांबळे, इथं वाघाला याहून चांगली चाल नव्हती का?" मी म्हणालो, "मशीनलाच विचारू या, सर." विचारलं. मशीननं खडखड करून छापलं, नाही. गृहस्थांनी मान डोलावली. मीसुद्धा खोटं बोललो नव्हतो.

नेमणुकीचा कागद परवा आला. त्याच टपालात वडूजचं एक पोस्टकार्ड होतं. अक्षर थरथरतं, ओळी उताराला लागलेल्या, पण कुणाकडून लिहून घेतलेलं नव्हतं.

'पेपर रोज बगतो. आजून आलं न्हाई. लालासाहेब हांतरुनाला खिळले हाईत. नाथाजी रामा कांबळे, हवालदार.'

पोस्टकार्ड मी ड्रॉवरमध्ये ठेवलंय, त्या दोन पानी पत्राच्या वर.