सोमीनं नाय म्हटलं

नामाला सेंटरमधून घरी सोडायची तारीख ठरली, तोवर त्याच्या दोन्ही मुलांनी आपापले बेत पक्के करून टाकले होते. विचारायचं राहिलं होतं ते फक्त नामाला आणि त्याच्या बायकोला, सोमीला.

कडावच्या नामाला ऐन भातकापणीत अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवा हात, उजवा पाय गेला, वाचा गेली. पनवेलच्या हॉस्पिटलात वाचा परत आली आणि मग काही थांबायचं नाव घेईना. तिथून त्याला खालापूरजवळच्या पुनर्वसन सेंटरात हलवलं, त्याला आता सात आठवडे झाले होते. एवढ्या दिवसांत तो कॉटच्या काठाला धरून बसायला, धरून उभं राहायला आणि वॉकर घेऊन दहा पावलं टाकायला शिकला. अकरावं पाऊल टाक म्हटलं, की त्याला हटकून चहाची आठवण व्हायची.

सोमी दर दोन दिवसांनी यायची. पहाटे म्हशींचं दूध काढून, वैरण घालून, कडावहून टमटमनं कर्जत, तिथून खोपोलीची एसटी, पुढे रिक्षा. आली की आधी नवऱ्याची दाढी बघायची आणि मग म्हणायची, "अवो, आज तरी माणसात दिसताय." नामाला तेवढ्यानं बरं वाटायचं.

त्या शनिवारी दोघं मुलंही आली होती. मुलगा नवीन, खोपोलीला कंपनीत होता. त्याचं म्हणणं, बाबांना आमच्या घरी न्यायचं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तो आणि त्याची बायको श्रद्धा दोघंही दिवसभर कामाला. पण म्हणताना त्याचा आवाज असा काही भरून आला होता, की जिन्याचा विषय काढायला कुणाला धीर होईना. मुलगी नम्रता खालापूरला सरकारी कचेरीत लिपिक. तिनं तीन केअर होम पाहून त्यातलं एक निवडलं होतं, फोटोसुद्धा काढून आणले होते.

"ऑफिस सुटलं की मी रोज जाईन बाबांकडे," ती म्हणाली. "नर्स आहे, व्यायाम आहे, बाग आहे."

"बाबांना तिथं टाकायचं?" नवीन म्हणाला.

"टाकायचं काय रे? तुझ्या तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार त्यांना? क्रेन?"

भाऊबहीण अशी पाच मिनिटं भांडली आणि मग दोघांचं एकदमच एकमत झालं. "त्यापेक्षा कडावलाच नेऊ. आई आहेच ना."

आई आहेच ना. परसात विहीर आहेच ना, असं म्हणावं तसं ते म्हटलं गेलं. गेल्या वर्षापासून सोमीचे गुडघे जिना उतरताना करकर वाजत होते. डाव्या मनगटात कळ यायची. रात्री कूस बदलताना ती तोंडात पदर धरायची, म्हणजे नामाला कळू नये. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आता सांगायची तर वेळच गेली, असं तिला वाटत होतं. नवऱ्याला करायचा कंटाळा म्हणून बाई गुडघे पुढे करते, असं गाव म्हणेल. गावाचं सोडा, आपल्यालाच तसं वाटेल.

तेवढ्यात चारुलता मॅडम आल्या. त्या नामाच्या फिजिओ. कर्जतच्या, मृदू बोलणाऱ्या आणि मृदू बोलत बोलत माणसाला घाम फोडणाऱ्या.

"घरी यांचं कोण बघणार?" त्यांनी विचारलं.

दोन बोटं सोमीकडे वळली. नामानंही डावा हात अर्धा उचलला, पण मग तो परत मांडीवर ठेवला.

"छान. मग आई, आज तुम्ही करून बघा. कॉटवरून खुर्चीत. मी बाजूला आहे."

मॅडमनी नामाच्या कमरेला रुंद पट्टा बांधला. सोमीनं पदर खोचला. सांगितलं तसा पाय त्याच्या पायाला टेकवला, पट्टा धरला, "एक, दोन, तीन" म्हणत त्याला उचललं. नामा अर्धा उठला. आणि सोमीचा उजवा गुडघा असा वाकला, जसा काही तो तिचा नव्हताच. मॅडमनी दोघांना सावरलं म्हणून बरं, नाहीतर फरशीच होती. सोमी कॉटवर बसली आणि नामा तिच्या मांडीवर.

"लग्नात पन एवढी जवळ नाय बसलीस गं," नामा म्हणाला.

सगळे हसले. शेजारच्या कॉटवरचे आजोबा हसले, मॅडम हसल्या, सोमीही हसली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि मग ते काही थांबेनात.

"मला जमनार नाय," ती म्हणाली.

"आई, अगं सवय होईल..." नवीन म्हणाला.

"सवय नाय व्हनार. मी यांना पाडीन. जेवायला करीन, औषध देईन, यांची बडबड ऐकीन, जल्मभर ऐकलीच हाय. पन उचलाया मला जमनार नाय. माजे गुडघे गेलेत." तिनं मनगट पुढे केलं. "ह्ये पन."

नम्रतानं आईचं मनगट हातात घेतलं. ते सुजलं होतं. एवढे दिवस ती हाच हात धरून आईला रिक्षात बसवत होती.

"इथे हे वेळेवर कुणी म्हणत नाही," चारुलता मॅडम म्हणाल्या. "पंधरा दिवसांनी पेशंट पडतो, करणारीची कंबर धरते आणि मग दोघं एकदम माझ्याकडे येतात. बरं झालं, आजच बोललात."

पण नामा बोलत नव्हता. सात आठवड्यांत पहिल्यांदाच.

मुलं मॅडमबरोबर बाहेर गेली, तेव्हा ती त्याच्याजवळ स्टूल ओढून बसली. "रागावलाव?"

"नाय."

"मग त्वांड का मिटलंय?"

नामानं खिडकीकडे बघितलं. "तू मला धुनार, पुसनार, संडासला नेनार. याचंच मला भ्याव वाटत व्हतं. पंधरा दिवस झाले, झोप नाय." तो थांबला. "मग माज्याशी भांडनार कोन? धुनाऱ्या बाईशी भांडता येत नाय. उपकार व्हतात तिचे."

सोमीनं नाक पुसलं. "मंग आधी बोलायला काय झालं व्हतं? वाचा तर परत आली."

"तू बोललीस का गुडघ्याचं?"

सोमीनं त्याच्या शर्टाची कॉलर उगाचच नीट केली.

"मला कडावला जायाचंय," नामा म्हणाला. "मानूस ठेवा. पन बाप्या पायजे. बाईमानसानं मला आंघोळ घातली तर मी पान्यातच बसून राहीन."

मग कुठे खरा बेत ठरला. नवीननं घराचे फोटो काढून मॅडमना दाखवले. त्यांनी उंबरा, मागच्या दारचा संडास आणि घसरडी मोरी यांवर बोट ठेवलं. पुढच्या दहा दिवसांत मागच्या दारी धरायला लोखंडी दांडे बसले, उंबऱ्यावर फळीचा उतार झाला, नामाची कॉट ओटीवर आली. नामाला काय येतं, काय येत नाही, काय अर्धंमुर्धं येतं, हे मॅडमनी कागदावर लिहून दिलं. दिवसा या कामाचं शिकलेला माणूस, रात्री घरची माणसं, महिन्यातून दोनदा सेंटरला तपासणी आणि तीन महिन्यांनी परत विचार. नम्रतानं त्या कागदाच्या चार प्रती काढल्या. ती सवय जाणार नव्हती.

घरी सेवेला माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून पहिला आला तो विपुल. हसरा, स्वच्छ, सेवाभावी. नामा उठायच्या आधी तो उठवायचा, नामानं हात पुढे करायच्या आधी घास भरवायचा. "काका, तुम्ही आराम करा" हे त्याचं पालुपद. नामा भलताच खूश. "मानूस म्हंजे सोनं हाय," तो येईल त्याला सांगायचा.

पाचव्या दिवशी सोमीच्या लक्षात आलं, की वॉकरवर धूळ बसली आहे. तिनं बोटानं पुसून बघितली आणि मॅडमना फोन लावून हा माणूस नको म्हणून सांगितलं. एकदा नाय म्हणता आलं की दुसऱ्यांदा तेवढं जड जात नाही, हे तिला त्या दिवशी कळलं.

मग आला पोशीरचा जितेश. चाळिशीचा, रुंद खांद्याचा, शब्द मोजून बोलणारा. स्वतःच्या वडिलांचं चार वर्षं केलेलं, नंतर रीतसर शिकलेला. पहिल्याच सकाळी त्यानं नामाच्या मांडीवर शर्ट ठेवला आणि समोर बसून राहिला.

"घाल की," नामा म्हणाला.

"तुमी घाला. अडलं तर मी हाय."

पाच बटणांना अर्धा तास लागला. शेवटचं बटण भलत्याच काजात गेलं. नामा ओरडला, "सोमी! ह्यो बाबा मला उघडा ठेवनार!"

सोमी दाराआड उभी होती. दोनदा तिचा पाय पुढे आला आणि दोनदा तिनं तो मागे घेतला. शेवटी ती गोठ्यात निघून गेली, कारण तिथं ऐकू येत नव्हतं.

शेजारची मंगळी एकदा येऊन म्हणाली, "नवऱ्याला बघाया मानूस ठेवलास व्हय गं?"

सोमी बोलायच्या आतच ओटीवरून नामा म्हणाला, "तिनं नाय, म्या ठेवलाय. तुला पायजे तर तुज्या घरी पाठवतो, तुजा नवरा पन सकाळी दहापर्यंत उठत नाय." मंगळी चहा न घेताच गेली.

फाल्गुनापर्यंत नामा वॉकर घेऊन रस्त्यापर्यंत जाऊ लागला. उजवा हात पुरता वळला नाही. मॅडम म्हणाल्या, कदाचित वळणारही नाही. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि सोमीनंही त्याला आग्रह केला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं डाव्या हातानं भात कालवून खाल्ला, निम्मा अंगावर सांडला आणि भाजी अळणी आहे म्हणून भांडण काढलं. सोमी मनातून निवांत झाली. कर्जतला जाऊन तिनं स्वतःचे गुडघेही दाखवले. नम्रतानं कचेरीतून रजा काढून तिला नेलं.

जितेशची रविवारी सुट्टी असे. त्या दिवशी पाळी नवीनची. पहिल्या रविवारी तो बापाला मोरीत घेऊन गेला, तेव्हा दोघंही एकमेकांकडे बघत नव्हते. सोमी बाहेर तांदूळ निवडत बसली होती. आत बराच वेळ नुसतं पाणी वाजत होतं.

"बाबा, साबण कुठं लावू?"

"कानाच्या मागं लाव. तुला लहानपनी तिथंच लावताना तू बोंबलायचास."

मग तांब्या पडल्याचा आवाज, मग कुणीतरी हसल्याचा. कोण ते सोमीला नीट कळलं नाही. थोड्या वेळानं नामा वॉकर टेकत बाहेर आला, पुसलेला, कोरडा, भांग पाडलेला. मागून नवीन आला, डोक्यापासून पायापर्यंत निथळत.

"ह्याला पयला पूस गं," नामा म्हणाला. "सर्दी व्हईल."

सोमीनं मुलाच्या अंगावर टॉवेल टाकला आणि बजावलं, "फुडच्या रविवारी येशील तवा कपड्यांचा एक जोड घेऊन ये."