आधी झाकण

धाकट्यानं बाबांच्या खोलीतल्या ट्रायपॉडवरून कॅमेरा काढला आणि "आत रोल आहे का बघतो," म्हणत मागच्या झाकणाला नख लावलं. ताईनं तो असा हिसकावला की त्याचं नखच मोडलं. मोडू दे! फोटोग्राफरच्या घरात जन्मलेला घोडा, आणि भर उजेडात रोल उघडायला निघाला!

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा हा एकदाही फिरकला नाही. सगळं आटोपल्यावर उगवला, आणि आल्या आल्या म्हणे, सामान आवरूया.

हात थरथरायला लागल्यावर बाबांनी कॅमेरा ट्रायपॉडवर बसवून घेतला होता. फोटो काढायचं लांब केबलचं बटण मुठीत धरून पडून राहायचे. तिला वाटायचं, स्वतःचे काढत असतील, हौस काय कमी होती! कॅमेऱ्याचं तोंड कुठं आहे ते बघायला तिला उसंत होती कुठं? पण आजारपणातला त्यांचा एकही फोटो तिच्याकडं नव्हता. असलाच तर याच रोलमध्ये.

"तुला एकही दाखवणार नाही," ती म्हणाली. तिनं रोल गुंडाळून कॅमेऱ्यातून काढला. तो, कात्री, फिल्म चढवायची चक्री आणि फिल्म धुवायचा डबा तिनं उजेड न शिरणाऱ्या काळ्या पिशवीत टाकला, झिप लावली आणि पिशवीच्या बाह्यांतून दोन्ही हात कोपरापर्यंत आत घातले. हात आत चालले होते, तोंड बाहेर. तू असा, तू तसा, बाप गेला तरी तुझी इस्त्री मोडत नाही! बोलता बोलता फिल्म चक्रीवर चढली, चक्री डब्यात बसली. मग तिनं डब्याच्या झाकणासाठी चाचपलं.

झाकण समोर टेबलावर होतं.

हात बाहेर काढावा तर बाहीतून उजेड शिरणार आणि फिल्म जळणार. बाबा नेहमी बजावायचे, आधी झाकण आत, मग तोंड उघड. अगं बाई, रागाच्या भरात नेमकं तेच उलटं झालं!

धाकटा फिसकन हसला.

"हसतोस काय मेल्या! झिपला हात लावलास तर याद राख!"

तो झाकण घेऊन उठला. तिला पिशवीसकट जिन्याखालच्या कोठडीत नेलं, आतून दार लावलं आणि फटीत स्वतःचा नवा कोट कोंबला. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना, तेव्हा त्यानं चाचपत झिप उघडून झाकण तिच्या हातात दिलं.

"ताई, मी यायला हवं होतं."

"हो. हवं होतं," ती म्हणाली, आणि झाकण घट्ट फिरवलं.

रसायनं ओतून, धुऊन तिनं ओली फिल्म बाबांच्या खोलीतल्या खिडकीशी धरली. धाकटा मागून वाकून बघत होता, तिनं बघू दिलं. पहिल्या फोटोत खुर्चीत झोपलेली बाई, मान कलंडलेली, तोंड उघडं. दुसऱ्यात तीच. तिसऱ्यात तीच, मांडीवर औषधाची वाटी. सगळ्या रोलभर तीच झोपलेली होती.

"ही तर तू," धाकटा पुटपुटला.

ताईनं फिल्म पुन्हा सुरुवातीपासून बघितली. बाबा कुठंच नव्हते.

"माझे कशाला काढत बसलात?" ती रिकाम्या खाटेकडं वळून ओरडली. "मला उठवायचं होतंत ना! मी तुमचा काढला असता!"