आमच्या घरात ताप नाही

साथरोग कार्यालयात त्या दिवशी नेहमीचंच काम चाललं होतं. कुठल्या दवाखान्यात तापाचे किती रुग्ण आले, कुठल्या दुकानात औषधांचा खप वाढला, कुठल्या वस्तीच्या सांडपाण्यात कोणता विषाणू सापडला, अशी देशभरची खबर तिथे रोज जमा होई. साथ दाराशी येण्याआधी तिची चाहूल लागावी, खाटा आणि औषधं वेळेत तिकडे धाडता यावीत, यासाठी हा सगळा खटाटोप. ही माहिती ताडून पाहणाऱ्या बाईला घरची मंडळी थट्टेने ‘आकडेवाली’ म्हणत.

आज तिच्या कपाळावरची आठी जात नव्हती. एका वस्तीच्या सांडपाण्यात नव्या तापाचा विषाणू खच्चून भरला होता आणि तिथल्या दवाखान्यांत मात्र तापाचा एकही रुग्ण नव्हता.

“नमुना खराब झाला असेल,” साहेब म्हणाले. “माणसं ठणठणीत आणि गटार तेवढं आजारी, असं कुठे असतं का?”

“पुन्हा तपासला, साहेब. तेच येतंय.”

“मग एक तरी रुग्ण दाखवा. त्याशिवाय पथक पाठवलं तर वरचे मला फाडून खातील.”

आकडेवालीने अहवाल मिटला. ती वस्ती तिची स्वतःचीच होती.

आठवडाभर ती घरी झोपण्यापुरतीच जात होती. आज संध्याकाळी लवकर परतताना तिला वाटेत घरोघरचे रेडिओ मोठमोठ्याने ऐकू आले. तिच्या घरातही रेडिओ केकाटत होता. नणंदेचं लग्न तोंडावर आलेलं. सासूबाई कपड्यांच्या ढिगात बसल्या होत्या.

“ताई कुठे आहेत?” थोरल्या जाऊबाईंना ती ताई म्हणे.

“मागच्या खोलीत. दमलीय. लग्नघर म्हटलं की दगदग होतेच.”

मागच्या खोलीला बाहेरून कडी होती. आकडेवालीने ती काढली आणि रेडिओ कशासाठी लावलाय ते तिला कळलं. खोकल्याने जाऊबाईंचा जीव मेटाकुटीला आला होता. खिडक्या बंद, अंग भट्टीसारखं तापलेलं, ओठ काळेनिळे. शेजारी कुणाला चाहूल लागू नये एवढीच त्या खोलीची व्यवस्था होती.

लग्नाची मुलगी असलेल्या घरात आजारपणाचं नाव काढायचं नाही, ही तिथली जुनी रीत. रीत कसली, गळफासच तो! रोगट घर असा एकदा शिक्का बसला की त्या घरातली मुलगी कुणी करून घेत नसे. म्हणून माणसं आजार गिळत आणि आजार माणसं गिळत असे.

“आई, किती दिवस झाले हे?”

“हळू बोल! तापाच्या गोळ्या चालू आहेत. मुद्दाम लांबच्या दुकानातून आणल्यात, इथल्या दुकानदाराच्या तोंडात तीळ भिजत नाही. लग्न उरकू दे, मग ने हवं त्या हॉस्पिटलात.”

“तोवर त्या राहणार आहेत का?”

“आणि सोयरीक मोडली तर पोरीला जन्मभर घरात बसवायची का? तू तुझे आकडे बघ, घरचं आम्ही बघतो.”

आकडेवालीचा नवरा खाली मान घालून उभा होता. जाऊबाईंनी धापा टाकत तिचा हात धरला. “राहू दे गं... माझ्यामुळे तिचं मोडायला नको.”

आकडेवालीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि संतापही आला. तिने तोंडाला रुमाल बांधला, खिडक्या सताड उघडल्या आणि सासूबाईंच्या देखत रुग्णवाहिका बोलावली. गाडी दाराशी आली तशा समोरच्या घरांच्या खिडक्या धडाधड लागल्या.

फार उशीर झाला होता. हॉस्पिटलच्या दारातच जाऊबाई गेल्या.

सासूबाई तिथल्या बाकावर मटकन बसल्या. जरा वेळाने त्यांनी डोळे पुसले आणि धाकट्या सुनेचा हात धरला. “हृदय बंद पडलं, असं लिहून घे त्यांच्याकडून. तुझ्या पाया पडते.”

“नाही, आई. ताईंना आपण जिवंतपणी लपवलं. आता मेल्यावर तरी लपवणार नाही.”

तिने तिथूनच साहेबांना फोन लावला. “रुग्ण हवा होता ना तुम्हाला? माझ्या घरातली आहे. आता पथक पाठवा.”

एवढा वेळ भिंतीला टेकून उभी असलेली नणंद पुढे आली. तिने स्वतःच्या हाताने होणाऱ्या सासूला फोन लावला. सासूबाई बाकावरून नको नको म्हणत राहिल्या.

“आमच्या वहिनी नव्या तापाने गेल्या,” ती म्हणाली. “आम्ही तुमच्यापासून लपवलं. सोयरीक मोडायची तर खुशाल मोडा. पण तुमच्याकडे कुणाला ताप असेल तर आत्ताच्या आत्ता दाखवा.”

पलीकडे दार लोटल्याचं ऐकू आलं. मग विहीणबाईंचा दबका आवाज आला. “आहेत दोघं. तुम्हाला कळलं तर तुम्हीच मोडाल, म्हणून आम्ही बोललो नाही.”

आकडेवालीने फोन आपल्याकडे घेतला. “दोघंच ना? आणखी कुणी?”

“नातू होता. गेला परवा. पोटात दुखून गेला असं सांगितलंय सगळ्यांना.”

“वय काय त्याचं?” कार्यालयात हे रोज विचारलं जाई. आज विचारताना तिने पेन हातात घेतलं नाही.

“अजून चालायलाही लागला नव्हता हो!” विहीणबाईंनी इतका वेळ आवरलेला हंबरडा फोडला.

आकडेवालीने त्यांना पोटभर रडू दिलं, मग त्यांच्या घराचा पत्ता विचारला.