खिचडीची तारीफ

घोटीचे तांदळाचे व्यापारी पुंजाराम अंगणात घसरून पडले आणि नाशकात त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशीच त्यांना घरी न्यायची त्यांच्या मुलाला, संतोषला, फार घाई. परवा नातवाचा साखरपुडा होता आणि आजोबांशिवाय फोटो अपुरा दिसला असता.

सोडण्याआधी डॉक्टर तृप्ती खाटेजवळ बसल्या. इस्पितळात म्हाताऱ्या माणसाचं डोकं कधी कधी एकाएकी भरकटतं. आरडाओरडा केला तर सगळ्यांना कळतं, गप्प राहून भरकटलं तर कुणालाच नाही. म्हणून त्या सोपे प्रश्न विचारत. आज वार कोणता, आपण कुठे आहोत, डिसेंबरपासून महिने उलटे सांगा.

संतोष डॉक्टरांच्या पाठीमागे उभा राहून नुसत्या ओठांनी एकेक महिना पुरवत होता. दहावीच्या परीक्षेत बापानं वर्गाच्या खिडकीबाहेर उभं राहून त्याच्यासाठी हेच केलं होतं. पुंजाराम रखडत का होईना, जानेवारीला पोचले.

शेवटचा प्रश्न घरच्यांसाठी होता. माणसात अचानक काही बदल वाटतो का? संतोष म्हणाला, छे, उलट फार शांत झालेत.

कोपऱ्यातल्या स्टुलावरून पुंजारामांची बायको नवसाबाई बोलल्या, "मॅडम, यांना सोडू नका. हे बरे नाय."

"आई, तू गप बस."

"सकाळी इथली खिचडी खाल्ली अन् चांगली झाली म्हणले. पंचेचाळीस वर्षांत माझ्या भाताला कधी चांगला म्हणले नाय."

संतोष हसला. डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खिचडीची तारीफ कागदावर नोंदवली, संतोषला चहा प्यायला पाठवलं आणि महिने पुन्हा विचारले. पुंजाराम नोव्हेंबरला अडकले ते अडकलेच.

तपासण्यांत लघवीचा संसर्ग निघाला; डोकं त्यानंच भरकटलं होतं. औषधं सुरू झाली, साखरपुडा आजोबांविना उरकला आणि संतोषनं आईशी बोलणं टाकलं.

औषधांच्या पाचव्या दिवशी पुंजारामांनी खिचडीतलं एक शीत बोटावर घेऊन उजेडात धरलं.

"हा तांदूळ हाये? अन् शिजवणारी कोण, आमच्या हिची बहीण का?"

नवसाबाईंचे डोळे भरून आले. तेवढ्यात डॉक्टर तृप्ती कागद घेऊन आल्या आणि महिने विचारू लागल्या.

"राहू द्या मॅडम," नवसाबाई पिशवी भरता भरता म्हणाल्या, "पास झाले."