पुस्तकाच्या डोक्याकडची जागा

माझी बायको पार्वती गेल्याचं मला कळलं, त्या दिवशी आमच्या शाळेत दिपोटी आले होते. दिपोटी म्हणजे शाळा तपासणारे साहेब. अठ्ठावन्न साल, थंडीचे दिवस. मी किनाऱ्यावर जाळं सुकत घालत होतो. शिरोड्याच्या बाजारातून गंगाराम धावत आला.

"गुणाजी, पार्वती गेली रे. मासळी विकता विकता बसल्या जाग्यार कलंडली. भाई गाडयेर घालून घेवन येता तिका."

भाई म्हणजे माझा मेहुणा. बैलगाडी यायला वेळ होता. मी शाळेकडे निघालो, कारण मथुरी शाळेत होती. आमची एकुलती एक मुलगी, सातवीत.

दारात गुरुदास मास्तर आडवे आले. मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, खोटं कशाला बोलू? पण आत एकदा बघून ते हळूच म्हणाले, "वायच थांब, गुणाजी. साहेब वाचन घेतत. तिचो नंबर आता इलोच. आता सांगलंस तर ती वाचतली कशी? आणि आज वाचली नाय तर फायनलाक बसूक गावाचा नाय."

फायनल म्हणजे सातवीची परीक्षा. ती झाली की मुलगी मास्तरीण होऊ शकत होती. पार्वतीला तेवढंच हवं होतं. सकाळी टोपली डोक्यावर घेताना ती म्हणायची, "माझ्या चेडवाच्या डोक्यार ही टोपली नको." तिची इच्छा म्हणून मी थांबलो, आणि बातमी तिचीच होती. दाराजवळच्या खांबाला टेकून उभा राहिलो.

आमच्या शाळेच्या पाटीवर सरकारने नवं लांबलचक नाव रंगवून दिलं होतं. पुस्तकं मागाहून यायची होती. पहिलीपासून सातवीपर्यंत प्रत्येक वर्गात वाचनाचं पुस्तक एकच होतं. मास्तर ते जमिनीवर मधोमध ठेवायचे आणि मुलं भोवती गोल बसायची. सकाळी आमच्याकडे रापण ओढतात. रापण म्हणजे किनाऱ्यावरून दोर धरून ओढायचं मोठं जाळं. त्याला माणसं लागतात, पोरंही चालतात. जी मुलं दोर ओढून उशिरा शाळेत यायची, त्यांना उरलेली जागा मिळायची, म्हणजे पुस्तकाच्या डोक्याकडची. मथुरी रोज उशिरा यायची.

बाकीच्यांना जागेचा काही फरक पडत नव्हता. ती पुस्तकात बघतच नसत. मास्तर म्हणायचे, मुलं चालीत त्यांच्यामागून म्हणायची, आणि धडे पाठ व्हायचे. मथुरीला पाठ होत नसे. ती लहानपणापासून तशीच, मीठ आणायला पाठवली की काय आणायचं ते विसरायची. म्हणून तिला बघूनच वाचावं लागायचं. बघायची ते डोक्याकडून.

आठवड्यातून एकदा घरी न्यायला पुस्तक तिच्या वाट्याला येई. मग पार्वती पडवीत तिच्या शेजारी बसून मासळीला मीठ लावायची आणि मथुरी वाचायची. पुस्तकाला वर-खाली असतं, हे आम्हा दोघांना कुठे माहीत? एका पानावर गाय होती, चारी पाय वर केलेली. मी म्हटलं, ही गाय अशी कशी? पार्वती म्हणाली, "घाटार गायी अशेच आसतत. तुमका काय म्हायत? वाच गो तू."

तर त्या दिवशी मथुरीच्या आधी धोंडू उभा राहिला, गंगारामचाच मुलगा. पुस्तक सरळ धरून त्याने नारळाच्या झाडाचा धडा घडाघडा म्हटला. उघडलेल्या पानावर उंटाचं चित्र होतं. मला अक्षर येत नव्हतं, पण उंट ओळखता येत होता. साहेब समोर बसले होते, त्यांना पुस्तकाची पाठ दिसत होती.

"शाब्बास! अस्खलित!" साहेब म्हणाले. "पुढे?"

मथुरीने पुस्तक हातात घेतलं, उलटं केलं आणि वाचायला लागली. सावकाश, एकेका शब्दावर बोट ठेवून. बोट उजवीकडून डावीकडे सरकत होतं.

साहेब हसले. "अगं ए, पुस्तक उलटं धरलंस की! पाठ करताना एवढं तरी बघायचं." आणि उठून त्यांनी पुस्तक सरळ करून तिच्या हातात दिलं. "हं. आता वाच."

ती नुसती बघत राहिली. मान वाकडी करून पाहिली. मग पुस्तक टेबलावर ठेवून ती टेबलाला वळसा घालून पलीकडे गेली, साहेबांच्या खुर्चीजवळ.

"कुठे चाललीस?"

"साहेब, माका हयसून वाचूक येता."

"तिथून? मग छपरावर चढलीस तर आणखी छान वाचशील!"

सगळा वर्ग हसला. साहेब विनोद करतात तेव्हा मास्तरांना हसावंच लागतं, तेही हसले. साहेबांनी शेरा लिहिला: मुलीस अक्षरओळख नाही, वरच्या परीक्षेस पाठवू नये. मास्तर तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाले, पण तोवर चहा आला होता.

मथुरी बाहेर आली आणि मला बघून दचकली. तिला वाटलं, मी हे बघायलाच आलो होतो.

"बाबा, आयेक सांगू नको हां," ती म्हणाली.

मग मी तिला सांगितलं.

बारावं झालं आणि टोपली तिच्या डोक्यावर आली. दुसरं कोण होतं? मी तिला उलट्या पुस्तकाबद्दल काही विचारलं नाही. मास्तरच एका संध्याकाळी घरी आले. त्यांनी एक जुनं वर्तमानपत्र तिच्यापुढे उलटं धरलं आणि तिने ते वाचून दाखवलं. मास्तरांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"म्हणजे अख्ख्या वर्गात वाचूक येय होता ता हिकाच," ते म्हणाले.

"मगे साहेबांका सांगा," मी म्हटलं.

"सांगान, पण बाकीची वाचत नायत, ह्याय सांगूक व्हया."

ते काही सांगणं झालं नाही. पण मास्तर वाईट माणूस नव्हते. ती बाजारातून आली की ते तिला पाचवीच्या मुलांपुढे बसवायला लागले. तोवर नवी पुस्तकं आली होती. एकेका मुलाने पुस्तक स्वतःपुढे सरळ ठेवायचं आणि मथुरीने समोर बसायचं. तिला समोरूनच वाचता येत असल्यामुळे मुलाचं बोट कुठे अडलं ते लगेच कळायचं. वर्षभरात ती पोरं न शिकलेला धडाही वाचायला लागली.

पुढच्या तपासणीत साहेबांनी मुद्दाम पिशवीतून वर्तमानपत्र काढून पाचवीला दिलं. मुलांनी ते वाचलं. साहेब थक्क झाले. "मास्तर, कसं शिकवलंत हो?"

"समोर बसून, साहेब."

ते खरंच होतं. मास्तरांना बढती मिळून वेंगुर्ल्याची मोठी शाळा मिळाली. तपासणीच्या दिवशी दुपारी साहेब मास्तरांच्या घरी जेवायला होते, तेव्हा मथुरी तिथे मासळी द्यायला गेली होती. ही कोण, असं साहेबांनी विचारलं नाही. सुरमई ताजी आहे का, एवढं विचारलं.

मीही तिच्यासमोर बसूनच वाचायला शिकलो. पार्वतीही शिकली असती, पण ती तिच्या शेजारी बसायची.

मथुरी आता सरळही वाचते. मान वाकडी करायची सवय मात्र गेलेली नाही. नवे मास्तर म्हणतात, शेरा बदलायचा तर साहेबांनी स्वतः तिचं वाचन पुन्हा घेतलं पाहिजे. त्यानंतर साहेब येऊन गेले, पण ते येतात सकाळी आणि सकाळी मथुरी शिरोड्याच्या बाजारात असते. एक दिवस टोपली घरी ठेव, असं मी तिला म्हणतो. ती म्हणते, ठेवते.

मथुरीची फायनल अजून राहिली आहे.